चांगल्या मातीचा अपमान

“काका, तुमची माती चांगली दिसतेय,” प्रियदर्शनी म्हणाली, आणि मोहनरावांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

“बस? एकच भोक?”

“पुरे की. इथं नुसती कातडी वाळत घालायचे. हौद तिकडं होते.”

तिकडं म्हणजे भिंतीपलीकडं, चुलतभाऊ राधाकिशनच्या जागेत. बीडच्या कडेची ही जमीन दोघांच्या वडलांनी कातडी कमावण्याच्या कारखान्याला भाड्यानं दिली होती. कारखाना बंद पडला, मधे भिंत उभी राहिली. वाटणीत राधाकिशनकडं हौद आले, मोहनरावांकडं वाळवणाचं मोकळं मैदान. तेव्हा मोहनरावांनी पेढे वाटले होते. आता नगरपालिकेला पलीकडं भाजीमंडई करायची होती, आणि त्याआधी जमिनीत काय विष मुरलंय ते बघायला ही पोरगी जमिनीला भोकं पाडून माती काढायचं यंत्र घेऊन संभाजीनगरहून आली होती.

राधाकिशनची म्हैस व्याली की मोहनरावांच्या घशाखाली दूध उतरायचं नाही; त्याच्या पोराला नोकरी लागली तेव्हा यांना ताप भरला होता. पण ती निदान चांगल्या गोष्टींची असूया होती. आता त्यांना त्याच्या घाणीचा हेवा वाटू लागला. जीप त्याच्या लिंबाखाली, चहा त्याच्या ओट्यावर, आणि त्याची हिरवट माती काचेच्या बरण्यांत, लोणच्यासारखी ओळीनं मांडलेली.

त्यात उत्तरेश्वर. हा शाळेपासूनचा दोस्त, फुकटच्या चहाला राधाकिशनच्या ओट्यावर पहिला हजर.

“मोहन्या, तुझ्याकडं काय निघालं बे?”

“काय न्हाई.”

“मंग तू कावून गर्दी करतो हितं? ज्याचं खराब त्याला सरकार नवी माती भरून देतंय म्हणं. पांढरीफेक भिंत, नळ, मंडई. राधाकिशन मालामाल! तू बस वाळवण राखत.”

सगळे हसले. राधाकिशन तेवढा हसला नाही. “दादा, चहा घ्या,” म्हणाला. ते तर जास्तच झोंबलं.

मोहनराव तसेच उठून प्रियदर्शनीकडं गेले. “आमच्यावर अन्याव कावून? अजून एक भोक मारा की.” तिनं सुस्कारा सोडला, मैदानात फक्कीनं एक गोल आखला आणि म्हणाली, “उद्या सकाळी घेते.”

फटफटायच्या आत मोहनराव भिंतीच्या खिंडारातून पलीकडं गेले. निघताना घरातली हाताला लागली ती स्टीलची बादली घेतली होती. हौदातला गाळ भरायचा आणि गोलात ओतून वरून माती ओढायची. तिसऱ्या खेपेला राधाकिशनचं कुत्रं भुंकलं. मोहनराव बादली टाकून पळाले.

“आवो, बादली दिसंना,” दुपारी त्यांची बायको छबुबाई म्हणाल्या. “आपल्या आरोहीच्या बारशाची, तिचं नाव घातलेली.”

“आसंल कुठंतरी. बादलीला काय पाय फुटलेत?”

आठवड्यानं प्रियदर्शनी आली ती थेट मैदानात. “काका, तुमचं खरं निघालं. वरच्या थरात क्रोमियम आहे, कातडी कमावायचं ते विष, तेही बरंच. आता ही जागाही यादीत गेली.”

मोहनरावांनी मिशीवर हात फिरवला. भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “म्हंजी आमालाबी नवी माती?”

“सावकाश. आधी मंडई. तुमची पाळी कधी येईल सांगता येत नाही. तोवर बांधकाम बंद.”

मागं छबुबाई उभ्या होत्या. “बंद? आवो, दसऱ्याला आरोहीच्या घराचा पाया हाय. पोरीनं दगड सांगितलाय.”

नेकनूरला दिलेली लेक आरोही आणि जावई, दोघंही बीडला नोकरीला. लहान लेकरू सासूकडं टाकून रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होती. हे मैदान बापानं तिला शब्द देऊन ठेवलेलं.

“बघू,” मोहनराव म्हणाले, पण मिशीवरचा हात खाली आला होता.

संध्याकाळी राधाकिशन आला. हातात बादली, लख्ख घासलेली. बसलाही नाही.

“हौदापाशी सापडली. राखेनं तीनदा घासली, पर वापरू नका, वैनी. आन् दादा, हितं न्हाईच जमलं तर आरोहीला म्हणावं, माझ्या वरल्या तुकड्यात बांध. ती काय मला परकी हाय?”

तो गेला. छबुबाईंनी बादलीवरचं नाव वाचलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि चुलीकडं गेल्या. त्या रात्री भाकरी वाढली, ती बादली ताटासमोर ठेवून.

सकाळी जीपभोवती नेहमीची माणसं होती. मोहनरावांनी बादली प्रियदर्शनीपुढं ठेवली.

“ताई, त्या गोलातली घाण म्या टाकली. हिच्यातनं. हौदातली.”

उत्तरेश्वरच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. “आरं मोहन्या—” त्याला हसू फुटणार, एवढ्यात राधाकिशन मोठ्यानं म्हणाला, “चला रे, कांदाभजी काढल्यात घरात. निवतील.” आणि सगळ्यांना ओट्याकडं हाकलत तो स्वतःही पाठ फिरवून निघाला. वळून बघितलं नाही.

त्या पाठीकडं बघता बघता मोहनरावांच्या काळजात जुनी कळ उठली. हेही त्यालाच सुचावं!

“वरचं खरवडून पुन्हा तपासावं लागेल,” प्रियदर्शनी म्हणाली. “दसऱ्याचं काही सांगत नाही. कुठंकुठं टाकलीत, दाखवा.”

ते पुढं झाले. दोन पावलांवर थांबले, परत आले, आणि बादलीवरचं नाव भिंतीच्या बाजूला वळवून ठेवलं.