ओतीलियाबाईंची तोंडी परीक्षा

सन दोन हजार एकोणीसच्या मे महिन्याच्या पंधरा तारखेस, बुधवारी, सकाळी दहा वाजता, मिचोआकान प्रांतातील पात्स्क्वारो सरोवराच्या काठी वसलेल्या सान मेलितोन गावच्या शाळेत, प्रौढांच्या इंग्रजी वर्गाची तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी अकरा होते. त्यांतील शेवटच्या क्रमांकाच्या ओतीलिया सान्तोयो दुपारचे तीन वाजून गेले तरी खोलीबाहेरच्या बाकावर, मांडीवर झाकलेली टोपली घेऊन, ताठ बसून होत्या.

बाईंचे वय एकसष्ट. त्यांच्या घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी असत, आणि गावात उतरण्याजोग्या घरांच्या यादीत त्यांचे नाव सहा वर्षे होते. गेल्या डिसेंबरात कॅनडाचे एक वृद्ध जोडपे आले. न्याहारीला ठरल्या वेळी यायलाच हवे असे नाही, सावकाश या, असे त्यांना सांगण्याचा बाईंचा मानस होता; इंग्रजीत तोंडून जे निघाले त्याचा अर्थ मात्र न्याहारीला येता कामा नये, असा झाला. जोडपे तीन दिवस चौकातल्या बाकावर कोरडा पाव चावत बसले, आणि आपल्या हाताची चव गेली की काय, या विचाराने बाई तीन दिवस चुलीपाशी झुरत बसल्या. पुढे तक्रार आली. यादी ठेवणाऱ्या समितीने बाईंचे नाव खोडले आणि कळवले, की इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला आणलात तर ते पुन्हा घालू. तेव्हापासून दोन्ही खोल्यांतल्या गाद्या गुंडाळून भिंतीला टेकलेल्या होत्या.

आबुंदियो सावाला मास्तरांनी त्या एका भेदापायी वर्गाचे पाच आठवडे खर्ची घातले. फळ्याच्या डाव्या अंगाला 'मनाई', उजव्या अंगाला 'गरज नाही', आणि मधोमध खडूची जाड रेघ.

"कुत्रं आत आणायचं नाही, ही मनाई. तिथं दार बंद," मास्तर छडीने फळा ठोकत सांगत. "बूट काढायची गरज नाही, ही मोकळीक. तिथं दार उघडं, काढा नाहीतर राहू द्या. आपल्या माणसांच्या तोंडात ही दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि मग कॅनडाची माणसं उपाशी राहतात. कळलं का, निकांद्रो?"

"कळलं, मास्तर," सरोवरात नाव चालवणारा निकांद्रो म्हणाला. "पण पाहुणा जेवायला 'गरज नाही' म्हणतो, ते काय खरं असतं थोडंच?"

"इंग्रजीत खरं असतं."

"मग तिकडची माणसं जगतात तरी कशी?" खाटकाची बायको चायो म्हणाली. "तरीच सगळी एवढी काटकुळी!"

चायोचे म्हणणे सान मेलितोनपुरते बिनतोड होते. तेथे पाहुण्याने दोनदा नको म्हणावे आणि तिसऱ्यांदा खावे, अशी रीत आहे. आणि पहिल्याच नकाराला ताट मागे घेणाऱ्या बाईचे नाव पुढल्या जत्रेपर्यंत लोकांच्या तोंडी राहते. खुद्द मास्तर या रीतीला अपवाद नव्हते. पंधरा मे हा शिक्षकदिन. "उद्या कुणीही काहीही आणायची गरज नाही," असे त्यांनी आदल्या दिवशी तीनतीनदा बजावले होते, आणि आज त्यांच्या टेबलावर दोन केक, मधाची बरणी व पाय बांधलेली एक कोंबडी होती. दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका सरळ माणसाने त्यांचे बोलणे खरे मानले आणि तो हात हलवत आला. मास्तर त्याच्याशी जुलै उजाडेपर्यंत तुटक बोलत होते. ओतीलियाबाईंच्या टोपलीत मास्तरांसाठीच कोरुंदा होत्या: मक्याचे पीठ हिरव्या पातीत त्रिकोणी बांधून पहाटे उकडलेले, आणि सोबत घट्ट साय व मिरचीची चटणी.

बाईंना आत बोलावले गेले. परीक्षक मिस पेल यांना इंग्लंडहून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मास्तर कोपऱ्यात बसले होते. त्यांना बोलण्याची मुभा नव्हती.

"मी पाहुणी, तुम्ही घरमालकीण," मिस पेल इंग्रजीत म्हणाल्या. "मला काय काय करायची गरज नाही, ते सांगा."

"पैसे आज द्यायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "पलंग आवरायची गरज नाही. बागेतली अंजिरं तोडायला मला विचारायची गरज नाही."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. एकही वाक्य रेघेच्या पलीकडे गेले नव्हते.

मिस पेल यांनी कागदावरून शेवटचे वाचले, "मला भूक नाही. माझ्यासाठी न्याहारी करायची गरज नाही."

यावर काय म्हणायचे ते मास्तरांनी घोटून घेतले होते: ठीक आहे, मग तुम्हाला लवकर उठायची गरज नाही. वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होते. ते उच्चारायला एक श्वास पुरला असता. त्या एका श्वासापलीकडे दाखला होता, यादीतले नाव होते आणि उन्हात टाकलेल्या गाद्या होत्या. परंतु सकाळी दहापासून या खोलीचे दार जेवणासाठी एकदाही उघडले नव्हते, हे बाकावरून बाईंनी पाहिले होते, आणि मिस पेल यांची मनगटे निकांद्रोच्या वल्ह्याच्या दांड्याहून बारीक होती.

"आज काय खाल्लंत?" बाईंनी विचारले.

"हा प्रश्न कागदावर नाही."

"नसू दे. काय खाल्लंत?"

"कॉफी."

"ओतीलियाबाई, पाठ केलंय तेवढंच बोला!" मास्तर कोपऱ्यातून पुटपुटले.

"मास्तर, तुम्ही गप बसा बरं."

मिस पेल यांनी घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा वाचले. "मला भूक नाही. माझ्यासाठी न्याहारी करायची गरज नाही."

बाईंनी टोपलीवरचे फडके काढले. वाफ सरली होती, पण वास खोलीभर झाला.

"तुम्हाला भूक असायची गरज नाही," त्या इंग्रजीत, एकेक शब्द पारखून, म्हणाल्या. "छान झालंय म्हणायची गरज नाही. संपवायची गरज नाही. मला दाखला द्यायचीसुद्धा गरज नाही." येथे त्यांचे इंग्रजी आटले आणि पुढचे त्या स्वतःच्या भाषेत, हातवाऱ्यांसकट, बोलल्या. "पण माझ्यासमोर कुणी नुसत्या कॉफीवर बसलेलं मला बघवत नाही!"

मिस पेल टोपलीकडे पाहत राहिल्या. "आणि मी नको म्हटलं तर?"

"म्हणा की. आमच्याकडे दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा खातात."

मिस पेल यांनी मनाशी हिशोब केला. मग हातातला कागद टेबलावर पालथा घातला.

"माझं दोनदा म्हणून झालंय," त्या म्हणाल्या.

पहिली कोरुंदा त्यांनी पातीसकट खायला घेतली. बाईंनी ती हातातून काढून, सोलून, वर साय घालून परत दिली. दुसरी त्यांनी स्वतः सोलली. तिसरीला चटणी लागली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी थांबल्या नाहीत. मास्तर कोपऱ्यातून टोपली रिकामी होताना पाहत होते.

"ती माझ्यासाठी आणली होती," ते अखेर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना मास्तर, काही आणायची गरज नाही?"

"अहो, पण तसं म्हणायचं असतं!" मास्तर उठून उभे राहिले. "आणि मिस पेल, परीक्षा म्हणून पाहिलं तर कागदावर जे उत्तर होतं ते यांनी दिलेलंच नाही. नियमाप्रमाणे..."

मिस पेल यांनी बोटांची साय पुसली, गुणपत्रिका पुढे ओढली आणि सर्वांत खालच्या नावासमोर सही केली.

"या पास आहेत," त्या म्हणाल्या.