फुगेवाले

ब्लेड पट्टीखाली सरकवताना श्वास रोखायचा, हे आतोबांनी मला तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी बोलतच होते.

"टकळे, तुझं तोंड मिटलं की कागद आपोआप सुटेल," ते म्हणाले. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, की मग हे काम या जन्मी होत नाही.

आतोबांनी बत्तीस वर्षं एका चित्रकथांच्या छापखान्यात अक्षरं लिहिली. चित्रं चित्रकाराची, पात्रांच्या तोंडापाशी रिकामे फुगे असायचे. आतोबा पात्रांचं बोलणं पातळ कागदाच्या पट्टीवर टाकाने लिहायचे आणि पट्टी फुग्यात चिकटवायचे. छापखान्यात त्यांना फुगेवाले म्हणत. पहिलीत असताना मी वर्गात सांगून बसले होते, की माझे आतोबा फुगे विकतात. मुली अजून चिडवतात.

छापखाना बंद पडला तेव्हा मूळ चित्रांचे गठ्ठे रद्दीत निघाले. त्यातली एकसष्ट पानं आतोबांनी सायकलवरून घरी आणली आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवली. चित्रकार केव्हाच वारला होता. आता आतोबांच्या फुप्फुसात गाठ होती, आणि पेटीचं पुढे काय, हा एकच घोर त्यांना होता. आतोबांचं पुढे काय, हा घोर आत्याला.

म्हणून संग्रहालयातल्या बाईंना बोलावलं. चित्रं बघून त्या हरखल्या, पण पट्ट्या काढल्या तरच घेऊ म्हणाल्या. मी नुकतीच वक्तृत्वात पहिली आले होते. गप्प कशाला बसेन? मी उठून विचारलं, "मग ही माणसं काय नुसती तोंड उघडून उभी राहणार? आणि आतोबांचं त्यात राहिलं काय?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक पान उलटं केलं. जिथे जिथे पट्टी होती, तिथे तिथे गोंदाचा तपकिरी डाग पाठीपर्यंत उतरला होता.

"गोंद कागद खातोय, काका. पट्ट्या निघाल्या तरच चित्रं वाचतील."

"चित्रं बघतात, बाई. वाचतात ती अक्षरं," आतोबा म्हणाले आणि स्वतःच हसले. हसण्यातून खोकला निघाला, तो बराच वेळ थांबेना. थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "हं."

एक अट मात्र त्यांनी घातली. पट्ट्या या घरातच निघतील. त्यांचे हात थरथरत, म्हणून हात माझे. बाईंनी मला दोन दुपारी शिकवलं: ओला टिपकागद ठेवायचा, पट्टी मऊ होऊ द्यायची, मग ब्लेड.

सुट्टीभर हेच चाललं. पट्टी निघाली की आतोबा ती वाचून दाखवायचे आणि मी पाकिटात घालायचे. खाली प्रत्येक वेळी डाग. बाईंचं खरं निघत होतं, याचाच मला जास्त राग येत होता.

एकसष्टाव्या पानावर एक म्हातारा पहारेकरी होता. मुलगा परत येणार नाही, असं त्याला कोणीतरी सांगतंय, आणि त्याच्या फुग्यात एकच शब्द: हं.

मी टिपकागद उचलला, ब्लेड लावलं. आतोबा हळूहळू सांगत होते, की लेखकाने इथे चार ओळींचा आक्रोश दिला होता. त्यांनी तो खोडला आणि हे लिहिलं. मालकाने सगळ्यांसमोर झापलं.

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं. माझं स्वतःचं एवढंच."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" मी म्हणाले, आणि पट्टी फाटली.

'ह' माझ्या बोटावर आला. वरचा अनुस्वार फुग्यातच राहिला.

आतोबांनी भिंग मागितलं. बराच वेळ पानावर वाकून राहिले.

"हा गोंद नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी बाटली संपली होती. तुझ्या आत्याने घरी खळ शिजवून दिली होती. खळीने कागद जळत नाही."

फुगा खरंच पांढराशुभ्र होता. म्हणजे हीच एक पट्टी काढायची गरज नव्हती. आत्या दारात येऊन उभी होती, तिने ते ऐकलं. मी रडत ब्लेड पुन्हा उचललं; निदान उरलेलं तरी नीट निघावं म्हणून. आतोबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. तेवढं वाचलं."

बाईंनीही ते राहू दिलं.

प्रदर्शन लागलं तेव्हा आतोबांना जाऊन पाच महिने झाले होते. आत्या आली नाही. भिंतीवर एकसष्ट पानं होती, प्रत्येकाखाली चित्रकाराचं नाव, आणि सगळी माणसं तोंड उघडून गप्प. पहारेकऱ्यासमोर एक लहान मुलगी आईला विचारत होती, की हा काय म्हणतोय.

"काही नाही गं," आई म्हणाली, "शाईचा ठिपका पडलाय."

पाकीट माझ्या दप्तरात होतं. उत्तर तर जिभेवरच होतं. मी काचेपाशी गेले आणि श्वास रोखून उभी राहिले.