सोमवारचा काटा

७९.६

सोमवारी देवपूजा आटोपली की बेव्हर्ली पार्कमधल्या त्या वन बीएचकेत आणखी एक विधी असे. सासरे दत्ताराम वजनकाटा हॉलच्या मधोमध आणून ठेवत, सासू गिरिजाबाई चहा घेऊन सोफ्यावर बसत आणि सुनेने, सुचेताने, अनवाणी त्यावर उभं राहायचं.

"एकोणऐंशी सहाशे," दत्ताराम वाकून म्हणाले. "वाढलंय परत."

"लग्नात कशी शेवग्याची शेंग होतीस गं," गिरिजाबाई म्हणाल्या. "आता शेअर रिक्षात तुझ्या बाजूला तिसरा बसत नाही."

"आई, पुरे ना," सुचेताचा नवरा यतीन म्हणाला. पण हसत.

काशीमीऱ्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात सुचेता बिलिंग बघायची. घरात ठरलं होतं, शिमग्यानंतर वजन उतरलेलं दिसलं नाही तर नोकरी बंद. खुर्चीत बसूनच ती फुगतेय म्हणे. दिवसातले तेवढेच तास तिचे स्वतःचे होते.

रात्री भात बंद. सकाळी मेथीचा काढा. निघताना डबा उघडून दाखवायचा. माहेरचा फोन हॉलमध्ये, स्पीकरवर. घरात एसी एकच, तो बेडरूममध्ये. हवा हॉलमध्ये झोपणाऱ्या बाबांपर्यंत पोचावी म्हणून दार रात्रभर उघडं. सुचेता कूससुद्धा जपून बदलायची. पहाटेपर्यंत डोळे टक्क उघडे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "झोप लागते का? कसला ताण आहे?"

उत्तर यतीनने दिलं. "हिला कसला ताण, डॉक्टर? घरात सगळं आईच बघते."

—

शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून तिघंही तीन आठवड्यांसाठी रत्नागिरीकडे गावी गेले. यतीनने लॅपटॉप सोबत नेला. सुचेताला मार्चएंडमुळे रजा मिळाली नाही.

दार लावलं. कडी घातली.

वरणभात, वर तूप. जेवता जेवता मागे वळून बघायची सवय काही दिवसांनी सुटली.

काम दुप्पट. यायला उशीर. का, म्हणून विचारणारं कोणी नाही.

आईला फोन. स्पीकर बंद.

रविवारी केबिन रोडच्या बाजारात उगाच भटकली.

झोप. झोप. झोप.

काढ्याची बाटली भरलेलीच.

७६.९

गावाहून परतल्यावरच्या पहिल्या सोमवारी दत्तारामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. "शहात्तर नऊशे. उतरलं की."

"बघ, काढा लागू पडला," गिरिजाबाई खुशीत म्हणाल्या. "आता दोन वेळा घ्यायचा. रात्रीची चपाती पण बंद करू."

"मग नोकरी करू दे तिला," यतीन मोठ्या मनाने म्हणाला.

सुचेता अजून काट्यावरच होती. नुसती मान हलवली असती तरी नोकरी वाचत होती. पण आज रात्री दार उघडं राहणार. काही सोमवार गेले की आकडा वर येणार, आणि मग दोष तिचा एकटीचा असणार.

"काढा मी घेतलाच नाही, आई. भात खाल्ला, रोज रात्री."

"मग उतरलं कसं?"

"तुम्ही कोणी नव्हतात."

गिरिजाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग आम्ही काय घर सोडून जायचं?"

"कुठे जाऊ नका. रात्री मला दार लावू द्या. माझं ताट मला वाढून घेऊ द्या. नोकरी मी सोडणार नाही, वजन कितीही असो. आणि यावर परत उभी राहणार नाही."

ती खाली उतरली.

०.०

डबा न दाखवता सुचेता चपला घालून निघाली. यतीनने आईकडे पाहिलं, मग फरशीकडे. दत्तारामांचा हात काटा उचलायला पुढे झाला आणि तिथेच थांबला.

संध्याकाळी ती येईल तेव्हा काटा कुठे असेल, ते त्या तिघांनी ठरवायचं आहे. तुमच्या घरी काटा नसेलही. पण आज जेवताना सुनेच्या ताटाकडे कोण कोण बघतं, तेवढं बघा.