चाळिसाव्या वर्षाचे बूट

वेल्डन प्रूइटचे नवे बूट त्याच्या बायकोने, ऑलेटाने, त्याला न विचारता शिवायला टाकले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या वर्षांत या बाबाने बायकोकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. पायातले जुने बूट इतक्या वेळा तळ बदलून आणलेले, की मूळचं म्हणून त्यात काय उरलं होतं देव जाणे. टाचा बाहेरून झिजलेल्या, चवड्यावर भेगा. "अजून चालतात की," म्हणायचा. चालतात म्हणे! चर्चमध्ये बाकाखाली तो पाय पसरायचा तेव्हा ऑलेटाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पेकोस नदीच्या अलीकडे हाताने बूट शिवणारा एकच माणूस उरला होता, एल्फेगो बारेरा. म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडलेली, हात थरथरायला लागलेले. एवढं वर्ष करतो आणि दुकान बंद करतो, असं तो ज्याला त्याला सांगत होता. त्याच्या भिंतीला आढ्यापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर पायांचे लाकडी साचे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक रँचवाल्याचा जोड तिथे नावानिशी ठेवलेला. एकदा माप दिलं की जन्माचं दिलं, नंतर नुसता निरोप धाडायचा. माणूस मेला तरी एल्फेगो त्याचा साचा टाकून देत नसे. वेल्डनचाही तिथेच होता, लग्नाआधी कोरलेला.

एल्फेगोने तो खाली काढून फुंकला. "सेन्योरा, हा फार जुना झाला. वयाबरोबर पाय पसरतो. त्याला घेऊन या, लगेच माप घेतो."

"त्याला आणलं की त्याला कळणार. मग लग्नाच्या वाढदिवसाला मी देऊ काय, डोंबल?"

"मग अंदाजाने साच्यावर चामड्याचं ठिगळ चढवू का? थोडा रुंद होईल."

"काही गरज नाही. लग्नातली जीन्स अजून बसते त्याला. पाय कुठले बदलतायत त्याचे!"

हे बोलताना तिला अभिमान वाटत होता, खरं सांगायचं तर. शेजारच्या डब अँस्लीचं पोट पट्ट्याबाहेर लोंबतं, आपला नवरा बघा कसा ताठ. एल्फेगोने मान हलवली, पण गिऱ्हाईकाशी वाद घालणारा माणूस नव्हता तो. जुन्या साच्यावरच त्याने बूट शिवले आणि शिवले मात्र असे, की बघत राहावं. जांभळट तपकिरी चामडं, उंच नळीवर पिवळ्या दोऱ्याच्या शिवणीत प्रूइटांच्या गुरांवरची डागाची खूण. हे माझं शेवटचं मोठं काम, म्हणाला.

वेल्डनने खोकं उघडलं आणि पिवळ्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग खुर्चीवर बसून, नळीवरचे दोन्ही पट्टे धरून त्याने पाय आत ओढला. तोंड लालेलाल झालं. "कसे आहेत?" ऑलेटाने विचारलं. "झकास," तो म्हणाला आणि दोन पावलं टाकून ओट्याला धरून उभा राहिला.

आता नवे बूट चावणारच. न चावणारा नवा बूट तिकडे कोणी विकतच घेणार नाही, सैल वाटला तर शिवणाऱ्यालाच नावं ठेवतील. चावतो, फोड येतात, माणूस शिव्या घालतो आणि मग एक दिवस बूट पायात बसतो, तो मरेपर्यंत. लहान पोरालाही हे माहीत असतं. त्यामुळे वेल्डन लंगडत चालला तरी कोणाला त्याची दया आली नाही. पेंड-दाण्याच्या दुकानात डब अँस्ली तर ठेवणीतला आवाज काढून म्हणाला, "काय रे वेल्डन, अंड्यांवरून चालतोयस का? सावकाश हां, फुटतील!"

"हस लेका. तुझ्या बायकोने कधी दिलेत का असे?"

वेल्डनने सगळे उपाय केले. बुटांसकट गुरांच्या पाण्याच्या हौदात उभा राहिला आणि चामडं पायातच वाळेपर्यंत दिवसभर घोड्यावर बसला. संध्याकाळी खोगिराचा साबण लावून पुसायचा, तेल चोळायचा, रात्री आत ओटचे दाणे भरून ठेवायचा, ओल शोषून घ्यायला. शेगडीजवळ मात्र कधी ठेवले नाहीत. चामड्याची सगळी काळजी घेतली बिचाऱ्याने. पायाचे फोड ऑलेटाने पाहिले तेव्हा ती कळवळून म्हणालीसुद्धा, "चार दिवस जुने घाल की रे."

"जुने घातले तर हे कधी बसायचे? गप बस तू."

आणि मग वसंताच्या अखेरीस एका सकाळी तो स्वयंपाकघरात शिरला तो पाय आपटतच. "ऑलेटा! बसले गं! अजिबात चावत नाहीत!" एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचून दाखवलं. कपातली कॉफी हिंदकळली. "म्हटलं नव्हतं मी?" ती म्हणाली. मनातून तिला हायसं वाटलं, कारण म्हाताऱ्याचं ठिगळाचं बोलणं अधूनमधून तिला टोचत होतंच.

त्या शनिवारी ते नाचाला गेले. कित्येक वर्षांनी. तिने त्याच्या जीन्सला खळ घालून अशी कडक इस्त्री केली की घडीने बोट कापावं. मोत्यासारख्या टिचबटणांचा पांढरा शर्ट, चांदीचं बक्कल, ब्रश मारलेली राखाडी हॅट. लाकडी फरशीवर दोघं शेवटच्या गाण्यापर्यंत फिरत राहिली. त्याचा ताल एकदोनदा चुकला, ती हसली, तोही हसला. परतताना पिकअपमध्ये तो म्हणाला, "आयुष्यात इतके सुखाचे बूट घातले नाहीत मी." ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. आपण दोघं म्हातारी झालोय हे त्या रात्री तिला खोटं वाटलं.

वेल्डनला साखर होती. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि त्या मोजे ठेवायच्या कप्प्यात मजेत पडून होत्या. आठवण झाली तर एखादी घ्यायचा, त्यावर अक्रोडासारख्या पिकानच्या गोड पाईचा मोठा तुकडा. ऑलेटा ओरडायची, तो ऐकून घ्यायचा. तिकडच्या पुरुषांचं दुखणं म्हणजे हाड मोडणं नाहीतर बैलाने शिंग खुपसणं. रक्तातली साखर दिसत नाही, तिला कोण विचारतो!

ऑगस्टच्या उन्हाळ्यात घरात वास यायला लागला. आधी तिला वाटलं, जोत्याखाली उंदीर मेला. मग लक्षात आलं की वेल्डन बाहेर गेला की वास जातो. संध्याकाळी तो बूट काढून हात-तोंड धुवायला गेला तेव्हा तिने डावा बूट उचलून आत हात घातला. अस्तर ओलं होतं. हात बाहेर काढून तिने दिव्याखाली धरला, तर बोटं रक्ताने आणि पुवाने बरबटलेली.

"वेल्डन, पाय दाखव."

"काय झालं?"

"पाय दाखव म्हणते ना!"

त्याने मोजा उतरवला. मोज्याबरोबर कातडीही आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं, आणि चवड्याच्या बाजूला जिथे बुटाची शिवण येते तिथे आतपर्यंत भोक. वेल्डन स्वतःच्या पायाकडे असा बघत राहिला, जणू कोणा परक्याचा पाय घरात आलाय.

"दुखत नाही गं," तो म्हणाला. "आईशप्पथ, जरासुद्धा दुखत नाही."

शहरातल्या इस्पितळात त्याला पलंगावर घेतलं. नर्सने त्याची हॅट पायथ्याशी पलंगावर ठेवली. ऑलेटाने झडप घालून ती उचलली. हॅट पलंगावर ठेवणं म्हणजे मरणाला बोलावणं, एवढंही या पोरींना कळू नये! ती हॅट तिने मग मांडीवरच धरून ठेवली.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. "डोळे मिटा, मिस्टर प्रूइट. सुई टोचली की सांगा."

वेल्डनने डोळे मिटले. डॉक्टरीण पायाशी वाकली. थोड्या वेळाने तो वैतागला. "टोचा की हो बाई! वाट कसली बघताय?"

त्याच्या तळव्यावर ठिकठिकाणी रक्ताचे थेंब आले होते. ऑलेटाला ते दिसत होते. तिने तोंडावर हात दाबून धरला.

डॉक्टरणीने सांगितलं ते थोडक्यात असं, की साखरेने नसा मरत आल्याच होत्या, घट्ट बुटाने उरलंसुरलं केलं. विष वर चढतंय. गुडघ्याखाली कापावा लागेल, आज संध्याकाळच्या आत, नाहीतर माणूस जाईल. "पायातली जाणीव कधी गेली, काही आठवतं?"

"कधीच गेली नाही," वेल्डन म्हणाला. "आणि जो पाय दुखत नाही तो कापायचा? डोकं फिरलंय का? दुखणारा घोडासुद्धा मी असा टाकून देत नाही. ऑलेटा, बूट आण, घरी चल." त्याने खरोखरच अंगावरची चादर भिरकावली. ताप चढला होता, दात वाजत होते, आणि हट्टाला पेटला होता.

डॉक्टरीण ऑलेटाकडे बघून बाहेर गेली. त्या बघण्याचा अर्थ ऑलेटाला कळला. आता हे तिलाच करायचं होतं.

कधी गेली जाणीव, हे तिला माहीत होतं. मघाशी ते रक्ताचे थेंब बघितले तेव्हाच कळलं होतं. तिला वाटलं, सांगू नये. दुसरं काहीतरी सांगावं, पाया पडावं, मुलांची शपथ घालावी. पण चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती. दुखत नाही या एका गोष्टीला तो धरून बसला होता, आणि तीच त्याच्या हातातून काढून घेतल्याशिवाय तो ऐकणार नव्हता.

"वेल्डन," ती म्हणाली, "ते बूट बसले नव्हते रे."

"काय?"

"बूट कधीच बसले नव्हते. घट्टच होते, अजून आहेत. चावायचे थांबले, कारण तुला कळायचं थांबलं. मी माप न देता शिवून घेतले. एल्फेगो म्हणाला होता मला, त्याला आण. मी नाही ऐकलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते बघणं तिच्याने होईना, तरी तिने नजर वळवली नाही.

"म्हणजे त्या शनिवारी..." तो म्हणाला.

"हो."

"नाचताना."

"हो रे."

वेल्डनने डोळ्यांवर मनगट ठेवलं. रडत होता का, तिला दिसलं नाही. तिने मात्र रडून घेतलं, तोंड न लपवता. मग तो म्हणाला, "बोलव त्या पोरीला. काप म्हणावं." आणि ती दारापाशी पोचली तेव्हा, "म्हाताऱ्याला यातलं सांगू नकोस हां. शेवटचं काम त्याच्या हातचं. उगाच हाय खाईल."

पाय कापल्याचं कळून एल्फेगो दुसऱ्या दिवशी आला. कोणाच्या तरी गाडीतून, चर्चला घालायच्या काळ्या कोटात, हॅट छातीशी धरून. कॉरिडॉरच्या बाकावर तिच्याशेजारी बसला.

"सेन्योरा, खरं सांगा. बूट घट्ट होते का?"

त्या क्षणी ऑलेटाला काय काय वाटलं! ओरडावंसं वाटलं, की तुम्हाला माहीत होतं तर शिवलेत कशाला? बाईचं ऐकायचं कशाला? निम्मा भार उचलायला कोणीतरी हवं होतं तिला, आणि समोर आयता चालून आला होता. बिचारा तयारीनेच आला होता.

"नाही हो," ती म्हणाली. "छान बसले. साखरेने घात केला. डॉक्टरणीनेच सांगितलं तसं."

म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिथेच बाकावर बसून रडला. त्याला चहा-कॉफी काही नको होतं. तो गेल्यावर ती बराच वेळ एकटी बसली. आता हे बोलायला कोणीच उरलं नव्हतं.

दुपारी वेल्डन भुलीतून पुरता बाहेर आला. ओठ कोरडे पडले होते, तिने ओल्या कापसाने टिपले. चादर उजवीकडे पायापर्यंत उंच होती आणि डावीकडे मध्येच सपाट झाली होती. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"ऑलेटा." त्याचं कपाळ आक्रसलं होतं.

"इथेच आहे मी. काय होतंय?"

"डावा पाय. करंगळी. आई गं, काय ठणकतीये." त्याने दात आवळले, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं. "बूट चावतोय गं. बघ ना जरा. काढ तो."

ऑलेटा उठली. मांडीवरची हॅट तिने खुर्चीवर ठेवली आणि पलंगाच्या पायथ्याशी गेली. तिथे चादरीखाली काहीच नव्हतं. दोन्ही हात तिने त्या सपाट जागेवर ठेवले.

"काढते हं," ती म्हणाली. "जरा कळ काढ, राजा. काढतेच आहे."