घरचं वाक्य

रिलक्टंट. मन नसलेला.

रामप्रसाद सर दहावीच्या मुलांना रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक अवघड इंग्रजी शब्द पाठवतात. नियम एकच. वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे, पुस्तकातलं चालणार नाही. शिवकन्येचे शब्द तिच्या बापाच्या, आश्रुबाच्या फोनवर येतात.

वाक्य : बाबा ऊसतोडीला जायला रिलक्टंट असतात, तरी जातात.

सरांचा अंगठा.

इंडिस्पेन्सेबल. ज्याच्यावाचून भागत नाही.

कोयता म्हणजे दोन माणसं. एक तोडणार, एक मोळ्या बांधून वाहणार. एकट्याला मुकादम गाडीत घेत नाही.

धोंडीराम मुकादम शिरूरहून आलाय. ओट्यावर चहा पितोय.

"जोडीला कोण, आश्रुबा?"

"बायकू हाय की."

"ती मोळी उचलंल, का मोळीच तिला उचलंल?"

"लई बोलू नगंस, चहा पी," मंजुळाबाई आतून म्हणते. "येते म्या."

ऑपरेशन झाल्यापासून तिला वाकता येत नाही. उठताना ती दाराची चौकट धरते. सगळे दुसरीकडं बघतात.

वाक्य :

वाक्य : आमच्या घरात

वाक्य :

गाडी शुक्रवारी. परीक्षा रविवारी, अंबाजोगाईला. शब्दांचीच परीक्षा. त्यात निवड झाली तर पुढची दोन वर्षं तिथल्या वसतिगृहात राहून शिकायला मिळणार.

"आईला ऱ्हाऊ द्या," शिवकन्या म्हणते. "मी येते."

कुणीतरी न्हाई म्हणावं म्हणून ती जरा थांबते.

धोंडीराम कप खाली ठेवतो. आश्रुबा तो कप उचलून आत नेतो.

ॲबन्डन. सोडून देणं.

शनिवार. उसाचा फड. पाचटानं शिवकन्येचे हात चिरलेत, म्हणून आश्रुबा कोयता ठेवून फोन तिच्या तोंडाशी धरतो. ती बोलते, "एका राजानं आपलं राज्य ॲबन्डन केलं."

मागं कोयत्यांचा आवाज. तोही रेकॉर्ड होऊन सरांना जातो.

थोड्या वेळानं फोन वाजतो. आश्रुबा तो तिला वाचायला पुढं धरतो.

हे घरातलं नाही. दुसरं कर. उद्या हॉल तिकीट विसरू नकोस.

"काय म्हणले सर?"

"बरोबर हाय म्हणले."

आश्रुबा फोन खिशात घालतो. ती मोळीला उसाच्या पाल्याचा आळा घालते, गुडघा रोवून आवळते.