गुणाअण्णाच्या कॉम्प्युटरातलं माझं लग्न

माझं लग्न झालंच नव्हतं, असं रामनगरच्या पंचांपुढं पहिल्यांदा बोलला तो माझा नवरा. त्याचं मला नवल वाटलं नाही. लक्ष्मण दोन ट्रकांचा मालक, आणि गोव्याच्या रस्त्याला जेवढी वळणं तेवढी त्याच्या जिभेला. खानापूरकडची नवी सोयरीक त्यानं जमवली होती, तिच्या आड मी येत होते. "तारा घरकामाला ऱ्हायली हुती. जेवाण घालत हुतो, एवढंच," म्हणाला. इतकी वर्षं मी त्याच्या घरी जेवायलाच गेले होते जणू!

नवल वाटलं ते बाकीच्यांचं. लग्न देवळापुढच्या मांडवात लागलं. कचेरीत नोंद कुणी केली नाही, आणि अल्बम लक्ष्मणानं 'नवीन बांधून आणतो' म्हणून नेला तो नेलाच. पण माणसं तर होती! मांडवभर जेवली होती. पंचांनी एकेकाला विचारलं आणि एकेकाची आठवण गेली. "लई दिस झालं बघा." "कुणाकुणाची लग्नं ध्यानात ठेवायची?" ज्याच्या त्याच्या घराची वाळू लक्ष्मणाच्या ट्रकमधून येते, मग विसर पडायला वेळ कसला लागतो?

शेवटी माझ्या पाठचा भाऊ येसू उठला. लक्ष्मणानं घराबाहेर काढल्यापासून मी गुंद गावात त्याच्याच घरी राहत होते. तो लक्ष्मणाचा दुसरा ट्रक चालवतो हे मला ठाऊक होतं, तरी मी पदर सावरून नीट बसले. भाऊ तो भाऊ.

"मी तवा गोव्याला कामाला हुतो," येसू खाली बघत म्हणाला. "मला कायबी ठावं न्हाई."

पंचांनी सोमवारची मुदत दिली. पुरावा आणला तर ठीक, नाहीतर लक्ष्मण मोकळा. कोर्टात जा म्हणणारे मला पुष्कळ भेटले, सोबत येतो म्हणणारा एक भेटला नाही.

लग्नाचे फोटो काढले होते गुणाअण्णानं. त्याचा स्टुडिओ मोबाइलनं कधीच खाल्ला, त्याच खोलीत तो आता मोबाइलची कव्हरं विकतो. मी विचारायच्या आधीच तो चिडून म्हणाला, "इसरायला काय झालंय? मांडवात लाईट गेली, जनरेटर आणला, सगळं ध्यानात हाय. मला कुणी इचारलंय का? चल, फोटो हाईत माझ्याकडं."

ऐकून मला भरून आलं. त्यानं माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, फडक्यानं पुसला. खडखडत का होईना, तो चालू झाला. पडद्यावर 'गुणा' असं नाव आलं, त्याखाली पासवर्डची पांढरी चौकट. गुणाअण्णाची बोटं बटणांवर गेली आणि तिथंच थांबली.

"तारा," तो म्हणाला, "इसरलो गे."

हसावं की रडावं कळेना. अख्खं गाव विसरल्याचं सोंग करत होतं, आणि खरं बोलणारा एकच माणूस, तो खरोखर विसरला होता.

मग आम्ही नावं घालत बसलो. कुलदैवताचं, स्टुडिओचं, मुलींचं. बायकोचं नावही चुकीचं निघालं तेव्हा आतून केशरवहिनींनी भांडं आपटलं. गुणाअण्णा घामाघूम झाला. शेवटी त्यानं ज्या बेळगाववाल्याकडून मशीन जोडून घेतलं होतं त्यालाच फोन लावला. तो हसला म्हणे. चालू होताना एफ-आठचं बटण दाबत राहा, मग 'सेफ मोड' निवड, म्हणाला. तसं केलं तर पडद्यावर 'गुणा'च्या शेजारी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचा दुसराच मालक उभा! त्याला पासवर्डच लावलेला नव्हता. एंटर दाबलं आणि आत. मशीनला बोलतं करायला एक बटण पुरलं. माणसांना असं बटण कुठं असतं?

फोटो उघडले. आमच्याकडं आहेर देणाऱ्या प्रत्येकाला नवरानवरीशेजारी उभं करून फोटो काढतात, नाहीतर तो रुसतो. त्यामुळं सगळेच होते. "लई दिस झालं" म्हणणारा कळशी धरून हसत होता. "कुणाकुणाची लग्नं" म्हणणारी माझ्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मला तर त्या पडद्यावर थुंकावंसं वाटलं.

आणि मग येसू आला. कानपिळीचा फोटो. बहिणीला नीट सांभाळ म्हणून नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. येसूनं लक्ष्मणाचा कान चांगला लालभडक केला होता.

"ह्योच छाप," मी म्हटलं.

"आहेराचा घे की एखादा," गुणाअण्णा हळूच म्हणाला. "त्येवढ्यानं भागतंय. येसूच्या घरात ऱ्हातीस तू."

"ह्योच छाप!"

सोमवारी तो फोटो पंचांच्या हातातून फिरला आणि विसरभोळ्या गावाला भराभर आठवायला लागलं. जनरेटर आठवला, शिरा आठवला, माझ्या शालूचा रंगसुद्धा आठवला. लाज कुणालाच वाटली नाही. खानापूरची माणसं उठून गेली. लक्ष्मण दात खात म्हणाला, "व्हय, बायको हाय माझी. झालं समाधान?" पंच म्हणाले, विषय संपला. येसूकडं कुणी बघितलं नाही, मी मात्र बघितलं. पोटभर बघितलं.

दुपारी बस बदलत गुंदला पोचले. येसू मोटारसायकलवरून माझ्या आधीच आला होता. लक्ष्मणानं ट्रकची चावी काढून घेतली होती त्याच्याकडून. भावजय फुला दारातून हलली नाही. माझी पिशवी भरून ओसरीवर ठेवली होती. वर माझी ताटवाटीही, घासून.

"अक्का," येसू म्हणाला, आवाज जराही न चढवता, "समद्या गावाम्होरं दावलंस न्हवं, तू लक्ष्मणदाजींची बायको हाईस? मग बायकोनं नवऱ्याच्या घरात ऱ्हावं."

"त्यो घरात घेईल व्हय मला?"

"त्ये मला ठावं न्हाई," येसू म्हणाला.

या वेळी तो माझ्याकडं बघून बोलला. मी पिशवी उचलली आणि पुन्हा बसच्या वाटेला लागले.