नववं मूल

उद्याचं जग ज्या हातांत जाणार आहे, ते हात आज आमच्या हाती आहेत. हे वाक्य मी आमच्या पाळणाघराच्या वार्षिक अहवालासाठी लिहिलं. लिहून वर पाहिलं, तर त्यातले दोन हात माशांच्या टाकीत कोपरापर्यंत बुडालेले होते.

मी अध्यक्ष. नफा न कमावणाऱ्या संस्थेला मंडळ लागतं, मंडळाला अध्यक्ष लागतो, आणि आमच्या कॅनडातल्या विनिपेगकडची रीत अशी की निवडणुकीच्या क्षणी जो खोलीबाहेर असेल तो एकमताने निवडून येतो. मी लघवीला गेलो होतो. परतलो तो थेट टाळ्यांत. नात शाळेत जाऊन चार वर्षं झाली, मी अजून इथेच.

अध्यक्षाचं मुख्य काम जिन्यावरच्या बर्फावर मीठ टाकणं. त्या मंगळवारी उणे एकतीस होतं. मीठ टाकून चर्चच्या तळघरातल्या आमच्या पाळणाघरात उतरलो, तर मागोमाग सरकारी तपासनीस प्रुडनबाई. न कळवता.

एका शिक्षिकेमागे आठ मुलं, असा नियम. गेल्या वर्षी बाईंना दहा सापडली होती, तेव्हापासून आमचा परवाना तात्पुरता. पुन्हा सापडलं की कुलूप.

वर्गाच्या अर्ध्या दारामागे इंग्रिड, आमची संचालिका आणि शिक्षिका, कडेवर एक आणि पायाशी दोन मुलं घेऊन एकटीच उभी होती; दुसरी शिक्षिका जोलीन कुठे दिसेना.

"वॉल्ट," ती ओठ न हलवता म्हणाली, "जोलीनची गाडी गोठलीये. शेजारी बॅटरी जोडून देतोय. दहा मिनिटं लागतील."

"आत किती?"

"आठ. ओटिस यायचाय."

"मग मी येतो ना आत."

"तुम्हाला मोजत नाहीत."

"हे मला घरीही ऐकवतात."

"चेष्टा नको हो! आईनं हजेरीवर सही केली की मूल आपलं. तोवर ते तिचं. सही होऊ देऊ नका."

तेवढ्यात दार उघडलं. ओटिस डेलोर्म, वय वर्षं चार, आणि त्याची आई रिया, दातांच्या दवाखान्यात मदतनीस.

"वॉल्ट, पेन द्या पटकन. पहिला पेशंट आ करून बसला असेल."

पेन मी खिशात घातलं. "पेन? होतं बघ इथंच. पण कपडे तर काढू दे त्याला."

हा माझा भरवशाचा डाव. टोपी, गळपट्टा, दोरीला बांधलेले हातमोजे, बूट, वर तो फुगलेला बर्फाचा सूट; चार वर्षांच्या मुलाला यातून बाहेर यायला पंधरा मिनिटं लागतात. पण ओटिसला सहा महिने इंग्रिडनं शिकवलं होतं, 'आपलं आपण करायचं.' आणि नेमकं आज त्याला ते आलं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, उत्साहानं. बूट उडाले. टोपी उडाली. चेन सर्रकन खाली.

मी वाकून ती परत वर लावली.

"वॉल्ट आजोबा!"

"छान. पुन्हा एकदा करून दाखव."

त्यानं दाखवलं. मी पुन्हा लावली. मागे प्रुडनबाईंची सावली पडली.

"तुम्ही त्याची चेन वर का लावताय?"

"सराव," मी म्हणालो. "आमच्याकडे सरावावर भर आहे."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बरंच लांब होतं ते.

"वॉल्ट, तुम्हाला झालंय काय?" रिया चिडली. "माझी नोकरी जाईल!" आणि तिनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं.

मी काही बोलू शकत नव्हतो. बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या. मी फक्त अर्ध्या दाराकडे पाहिलं. रियाही पाहू लागली. तिचे ओठ हलले: सहा, सात, आठ. मग एकटी इंग्रिड. या जागेसाठी रिया एकोणीस महिने प्रतीक्षा यादीत होती.

तिनं पेन पर्समध्ये टाकलं आणि त्या वीतभर उंचीच्या बाकावर फतकल मारली.

"ओटिस, असे भिरकावतात का बूट? घाल परत. आता नीट काढ."

"आई, पण मला..."

"आधी बूट."

घड्याळात आठ सतरा. आठ एकवीस. दोनदा बूट झाले, तीनदा टोपी. ओटिस आता नुसता नाचत नव्हता, पाय आवळून नाचत होता. बाई त्याच्याकडे पाहत होत्या, मी बाईंकडे, रिया घड्याळाकडे.

आठ चोवीसला जोलीन जिन्यावरून जवळजवळ घरंगळत आली. पापण्यांवर बर्फ, धाप लागलेली. तशीच आत शिरली. मी पेन काढून दिलं. रियानं सही केली, मुलाच्या डोक्यावर ओठ टेकले, मला म्हणाली, "तुम्हाला नंतर बघते," आणि पळाली.

प्रुडनबाईंनी अर्ध्या दारातून मोजलं. पुन्हा मोजलं. "मुलं नऊ, शिक्षिका दोन." खूण केली. कागद उलटला. "परवान्यावरचा 'तात्पुरता' शब्द काढायची शिफारस करते."

इंग्रिडनं भिंतीला पाठ टेकली. या प्रसंगी अध्यक्षानं दोन शब्द बोलायला हवेत, म्हणून मी घसा खाकरला.

ओटिसनं माझी विजार ओढली.

"वॉल्ट आजोबा, आता तरी शूला जाऊ द्या ना."